धोंडुबाई कोपऱ्यात होती

१७ फेब्रुवारी २०२५, पेण

शनिवारपासून लिहायचं टाळतोय. वही उघडतो, मग मोबाईल हातात येतो, मग वही राहते. आज लिहितोच.

शनिवारी दाजींच्या गणपतीच्या कारखान्यात मूर्तींना पॉलिशपेपर मारत होतो. अमेरिकेला जायचा माल, म्हणून आत्तापासूनच घाई. आणि मला अमेरिकेच्या बातम्यांचा नाद! तिथून माणसं विमानात भरून परत पाठवतायत, पायांत साखळ्या घालून — तो व्हिडिओ सगळ्यांना दाखवत सुटलो. काम बाजूलाच.

रंगकाम करणारी सरू म्हणाली, "तुला रे काय ठाऊक तिथलं? पनवेलच्या पुढं तरी गेलायस काय?"

सगळे हसले. लागलं मला. बोलून गेलो — "माझा दोस्त रघू तिथंच हाय! बोटीवरनं उतरला तो परत चढलाच नाय. दोन वर्षं लपून काम करतोय!"

हसणं थांबलं. सरू माझ्या मागे बघत होती.

मागे कोपऱ्यात धोंडुबाई. रघूची आई! ती मूर्तींचे डोळे आखते. डोळे आखताना ती बोलत नाही आणि तिला कुणी हाक मारायची नाही, अशी आमच्याकडे पद्धत. त्यामुळे ती तिथं आहे हेच ध्यानात राहत नाही. तिला एवढंच ठाऊक, की रघू बोटीवर खलाशी आहे. खरं त्यानं मला एकट्याला सांगितलं होतं. शपथ घालून.

तिनं हाताखालचा डोळा पुरा केला. ब्रश धुतला. गेली.

१८ फेब्रुवारी

आली नाही. मूर्तीला एकच डोळा. दोन्ही डोळे एकाच हातचे लागतात, दुसरं कुणी शिवत नाही. दाजींनी मूर्तीच्या तोंडावर फडकं टाकलंय. मला काहीच बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

२१ फेब्रुवारी, रोहा

निघालो होतो जित्याला, धोंडुबाईच्या गावाला, तिचे पाय धरायला. स्टेशनात रोह्याची गाडी आधी आली. बसलो की! उलट्या दिशेला! नदीकाठी पोरांची मॅच चालली होती, एक ओव्हर टाकलीसुद्धा. मग जवळच वरसे गावात मामीकडे जेवायला. मामी म्हणाली, "काय रे, अमेरिकेत काय चाललंय? तुला सगळं ठाऊक असतं."

भाकरी अर्धी टाकून उठलो.

२३ फेब्रुवारी

गेलो जित्याला एकदाचा. शिव्या खायच्या तयारीनं गेलो होतो. धोंडुबाईनं चहा टाकला.

"त्याला साखळ्या घालतील काय रे?"

"नाय गो काकी. सगळ्यांना नाय घालत." — मला काय ठाऊक!

"दोन वर्षं गणपतीला माझ्या घरात बसून मोदक खाल्लेस. मी बोटीचं सांगायची नि तू मान हलवायचास."

कप मोरीत विसळून ठेवला. निघताना दारापर्यंत आली. "त्याचा फोन आला तर मला कळलंय म्हणून सांगू नको. लाजंल तो. एवढं तरी तोंड बंद ठेव."

२७ फेब्रुवारी

रघूचा फोन बंद. रोज लावतो. विमानाचा आणखी एक व्हिडिओ आला — न बघताच बोटानं वर सरकवला. धोंडुबाई आता परत कामावर येते, माझ्याकडे बघत नाही.

९ मार्च, दुपार

रघू आलाय! माझ्या खोलीवर. हातात एक प्लास्टिकची पिशवी, बुटांना नाड्या नाहीत — तिकडं कोठडीतच काढून घेतल्या म्हणे. आंघोळीला गेलाय म्हणून लिहितोय. म्हणतो, "उद्या आईकडं जाऊ. बोटीचं काम सुटलं म्हणून सांगू. तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाय, म्हणून तर पहिला तुझ्याकडं आलो."