मामाचा बार

वसई, ता. ७ जानेवारी १९५४

येशू मरिया जोसेफ

ती. कॅथरिनबायला मॅग्डलीनचा सा. न. वि. वि.

हे पत्र आधी पोचते की भाऊ, ते देवाला ठाऊक. फर्डिनंड उद्या पहाटे नथूच्या केळ्यांच्या लॉरीने निघतो आहे आणि बाबांची बंदूक त्याच्यासोबत येते आहे. आता तरी तुझ्या लेकीला, बेटीला म्हणावे, रुसवा सोड. लग्नाच्या दिवशी मामाने अंगणात बंदुकीचा बार काढल्याशिवाय चर्चला जायला उंबरा ओलांडणार नाही म्हणते ना? तुझ्या लग्नात आपल्या मामाने याच बंदुकीचा बार काढला होता. बाबा गेल्यानंतरचे हे पहिलेच लग्न, तेव्हा पोरीचे मला पटते.

पण फर्डिनंडच्या परवान्यावर फक्त मुंबई राज्य लिहिलेले, आणि तुमचे इंदूर पडले मध्यभारतात. तो म्हणाला, सुकेळ्यांच्या टोपलीखाली घालून नेतो, कोण बघतो. मी म्हटले, मॅट्रिक झालेली बहीण घरात असताना चोरासारखा जाशील? अर्ज मी लिहिला, ठाण्याच्या कचेरीत खेटे त्याने घातले, आणि काल प्रवासाची परवानगी आली! अटी अशा: बंदूक रिकामी आणि पिशवीत बंद, काडतुसे वेगळी, आणि नथूच्या हाती क्षणभरही द्यायची नाही. काडतुसे मी बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात भरली आहेत. जोडीच्या डब्यात नाताळच्या करंज्या, त्या आईसाठी घरी ठेवल्या. मी डबे फेकत नाही म्हणून तुम्ही हसता, बघा कसे कामी आले.

आई अंथरुणावर, म्हणून मी येत नाही. कान मात्र तिकडेच.

तुझी मॅग्डलीन


इंदूर, ता. ११ जानेवारी १९५४

चि. मॅग्डलीनला कॅथरिनचे अ. आ.

लग्न काल पार पडले. कसे, ते ऐक.

हद्दीवरच्या नाक्यावर फर्डिनंडने आपणहून सांगितले, बंदूक आहे, हे कागद. कागद, नंबर, नळी, सगळे बघून साहेब खूश. मग म्हणाला, काडतुसे दाखवा. आपल्या भावाने ऐटीत डबा उघडला, तर आत करंज्या. साहेबाला वाटले, हा थट्टा करतो. त्याने सगळी लॉरी उपसायला लावली. काही सापडेना तेव्हा एक करंजी तोंडात टाकून म्हणाला, "जा. ह्यांना परवाना लागत नाही."

पोचेपर्यंत शनिवारची रात्र. रविवारी सकाळी काडतुसांचे दुकान कुठले उघडे? बेटी उंबऱ्याशी उभी, पाऊल उचलेना. व्याही घड्याळ बघताहेत. फर्डिनंड अंगणात रिकामी बंदूक धरून उभा, डोळे भरलेले. तेवढ्यात फाटकातून नथू ओरडला, "मामा, बंदूक वर धरा." त्याने लॉरी सुरू केली, किल्ली बंद करून पुन्हा फिरवली, आणि धुराड्यातून असा बार निघाला की समोरच्या कौलांवरची कबुतरे उडाली. बेटी हसत सुटली आणि हसतहसतच बाहेर पडली. व्याही अजून समजतात, वसईची बंदूक म्हणजे काय आवाज.

आईला सांभाळ. माया आहेच.

तुझी कॅथरिन


वसई, ता. १५ जानेवारी १९५४

ती. कॅथरिनबायला मॅग्डलीनचा सा. न. वि. वि.

तुझे पत्र आले आणि माझ्या जिवात जीव आला. रविवारी फादर आईला कम्युनियन द्यायला आले होते. मी त्यांच्यापुढे करंज्यांचा डबा उघडून धरला. ते आत वाकून म्हणाले, ह्या चावायचे माझे दात नाहीत. बघते तर आत काडतुसे. त्या दिवसापासून रोझरी हातातून खाली ठेवली नाही.

आईला डब्यांच्या अदलाबदलीचे काही सांगितले नव्हते. लग्नाच्या वेळेला तिने खिडकी उघडायला लावली होती आणि तुमच्या दिशेला कान लावून पडली होती. काल तुझे पत्र वाचून दाखवले. हसून हसून तिला ठसका लागला. मग डोळे पुसून म्हणाली, "तुझ्या बाबांना नथूचा बार आवडला असता."

फर्डिनंडला म्हणावे, लवकर ये. परवाना तिकडे, बंदूक तिकडे, आणि काडतुसे इथे घरातल्या अल्तारामागे माझ्यापाशी. एवढे कायद्याने वागून शेवटी गुन्हेगार मीच ठरले. आणि करंज्या संपल्या असतील तर डबा फेकू नका, परत पाठवा.

बेटीला आशीर्वाद. आहे तसा जीव लावत राहा.

तुझी मॅग्डलीन