लिफ्टमधे जागा होती, अण्णा

प्रिय अण्णा,

तुम्ही जाऊन आठ महिने झाले. एवढ्या दिवसांत मी एक ओळ लिहिली नाय. काल कंपनीत प्रथमोपचाराच्या ट्रेनिंगला एका सिस्टरनं मला रबरी पुतळ्याच्या डोक्याशी गुडघ्यावर बसवलं, आणि तेव्हापासून माझ्या डोक्यात आपली लिफ्ट पुन्हा अडकलीय. आई गच्चीवर कुरडया वाळत घालतीय. ती खाली यायच्या आत हे लिहून होऊ दे.

तो दिवस तुम्हाला आठवतो का हो? आपण गिरणीतून दळण घेऊन आलो. पिठाचा डबा माझ्या खांद्यावर, तुमच्या शर्टाच्या खिशात कॉलेजचा फॉर्म. दुसरा मजला गेला आणि तुम्ही फॉर्म काढलात.

"विक्या, भर की रं हा. ती पोरगी पुण्याला गेली, तिचं शिक्षण चालूय. तू कुणासाठी सोडलंस?"

"तिचं नाव काढू नका!"

"नाव कुठं काढलं? पोरगी म्हणलो. मला तर वाटलं, परीक्षेच्या पेपरवर पण स्वतःचा सोडून तिचाच नंबर टाकून येतोस का काय!"

तुम्ही हसलात. नेहमीचंच तुमचं हसणं होतं ते. पण प्राजक्तानं त्याच सकाळी मला ब्लॉक केलं होतं, आणि हे तुम्हाला सांगायचं सोडून मी डबा आदळला, पीठ माझ्या बुटांवर सांडलं, आणि लिफ्टच्या आतल्या जाळीच्या दाराला लाथ घातली. चालत्या लिफ्टमधे! जाळी पट्टीतून निसटली, वाकली, आणि दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या मधे लिफ्ट गचकन थांबली.

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाय, अण्णा. आईला सुद्धा नाय.

तुम्ही फॉर्म परत खिशात घातलात. पाचेक मिनिटांनी तुम्हाला घाम फुटला. "ॲसिडिटी आहे, सोडा घेतला की जाईल." तुम्ही पण काय! छातीत दुखतंय हे नीट सांगायचं नाय का? तीस वर्षं एसटीत दुसऱ्याला तिकीट दिलंत, स्वतःसाठी एकदा डॉक्टरचा नंबर लावता आला नाय?

मग तुम्ही बसल्याबसल्या कलंडलात. हातपाय झटकले. वरून, तिसऱ्या मजल्याच्या जाळीतून, पाटीलकाकू ओरडल्या, "मिरगी आलीय! कांदा हुंगव त्यांना!" त्यांनी फोडलेला कांदा फटीतून टाकला. तुम्ही मधूनच घोरल्यासारखा एक मोठा श्वास ओढत होता. मी ओरडलो, "घोरतायत! श्वास चालूय!" आणि तुम्हाला मांडीवर टेकवून नाकाला कांदा लावत राहिलो.

आपले वॉचमन हमीदचाचा मशीनरूमकडं धावले होते. त्यांनी हातानं चाक फिरवून लिफ्ट खाली घेतली. वीस मिनिटं गेली असतील. कांद्यानं माझ्या डोळ्याला धार लागली होती. तुमचे डोळे कोरडे होते.

काल सिस्टर सांगत होत्या, हृदय बंद पडलेल्याला कसं वाचवायचं ते. माणूस पाण्यात बुडाला असेल तर बाहेर काढून आधी तोंडानं श्वास द्यायचा. करंट लागला असेल तर आधी मेन स्विच, मग हात. पोटुशी बाई असेल तर एकानं पोट डावीकडं सारून धरायचं, दुसऱ्यानं छाती दाबायची. हृदय बंद पडताना येणाऱ्या थोड्याशा झटक्यांना फिट समजायचं नाय, आणि ते मधेच घोरणं म्हणजे श्वास नव्हे, असंही त्या म्हणाल्या. ते ऐकलं आणि माझ्या कानात शिट्टी वाजायला लागली.

मी उठून विचारलं, "आणि लिफ्टमधे पडला तर? बाजूला गुडघा टेकायला जागाच नसंल तर?"

त्यांनी पुतळा दोन कपाटांच्या मधल्या बोळात सरकवला. "इकडं ये. डोक्याकडं बस. वाकून, तिथूनच छातीच्या मधोमध दाब. जोरात, भराभर."

मागून गण्या बोलला, "विक्या, हळू! पुतळ्याशी लगीन लागंल!" सगळे हसले. मी दाबत राहिलो. कुणीतरी खांद्याला धरून थांबवलं तेव्हा पुतळ्याच्या छातीवर माझ्या डोळ्यांचं पाणी पडलेलं होतं.

"कोण होतं?" सिस्टरनं हळूच विचारलं.

"वडील. वाचले असते का हो?"

"तसं नाय सांगता येणार," त्या म्हणाल्या. "पण प्रयत्न झाला असता."

अण्णा, जागा होती! पिठाचा डबा कोपऱ्यात उभा केला असता, तुमचे पाय दाराकडं केले असते, डोक्याशी मी मावलो असतो. भरल्या गाडीत तुम्ही आयुष्यभर तेच ओरडत आलात ना? "पुढं सरका, जागा असते, माणसं सरकत नाहीत." मी नाय सरकलो. कांदा धरून बसलो.

आणि अजून बसलोय. हमीदचाचांवर मीटिंगमधे सगळे तुटून पडले. लिफ्टची देखभाल केली नाय म्हणून. आई त्यांच्या तोंडावर बोलली, "तुमच्यामुळं गेले." चाचांनी वाकलेली जाळी पाहिली होती. त्या जाळीवर बुटाचं पीठ होतं, आणि माझे बूट पिठानं भरलेले होते. त्यांनी माझ्या पायांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. एवढंच म्हणाले, "घर जा बेटा, अम्मी को संभाल." त्यांच्या जागी असता तर तुम्ही पण असंच केलं असतं का?

सोसायटीनं त्यांना कामावरून काढलं. आता ते एका मंगल कार्यालयाच्या पार्किंगमधे शिट्टी वाजवतात. या वयात, उन्हात. मी तिकडचा रस्ताच सोडलाय. चार मजले जिना चढतो, पण त्या लिफ्टमधून बाहेर काय निघालो नाय.

प्राजक्ताचं म्हणाल तर, दहाव्याला आली होती. दारात उभी होती. तुम्हाला तिची नक्कल करून दाखवायचो ना, तसलीच मान वाकडी करून. अजून आवडते, अण्णा. लई आवडते. पण त्या लाथेचं खापर तिच्यावर फोडणार नाय. पाय माझा होता.

आता शब्द देतो. आई खाली आली की हे पत्र तिला माझ्याच तोंडानं वाचून दाखवणार. ती मारंल, रडंल, कदाचित बोलायची नाय. तरी संध्याकाळी तिला घेऊन चाचांकडं जाणार, आणि सोसायटीच्या मीटिंगमधे उभं राहून लाथ कुणाची ते सांगणार. फॉर्म अजून तुमच्या त्याच खिशात आहे. तो त्याच्यानंतर भरतो.

जिन्यावर पावलं वाजतायत. मी पुढं सरकतोय. बेल मारा, अण्णा.

तुमचा,
विक्या