दुसरी वेलांटी

मंगळवार, ४ मार्च. सकाळी ११.४०.
पलीकडच्यांच्या वकिलातीत, काउंटर तीनवर, माझा व्हिसाचा फॉर्म परत सरकवला गेला. ‘कोणत्या देशात जाणार’ या रकान्यात मी ‘पलीकडे’ लिहिलं होतं. आमच्या घरात त्या देशाला पलीकडेच म्हणतात. एकतीस वर्षं भूगोल शिकवला. नाव फळ्यावर लिहिलं, तोंडाने कधी घेतलं नाही. काउंटरवरची पोरगी म्हणते, आजी, असा देश नाहीये. आजी? मी हिची कोण लागते?

५ मार्च.
निश्चय: फळ्यावर लिहिलं ते पोरांसाठी, फॉर्मवर नाव लिहायचं नाही म्हणजे नाही. लेकीला फोनवर ठणकावलं. तिचं बाळंतपण पंचवीस तारखेला, तिकडेच. म्हणाली, आई, लिही गं तेवढं, मला तू हवीयेस. आणि रडली. इथे होती तेव्हा रडायची नाही. तिकडचं पाणी.

६ मार्च.
जावई तिकडचाच. फोन घेऊन म्हणाला, आई, इथे थंडी आहे, स्वेटर आणा. गोड बोलतात ती माणसं. तिथेच तर गोम आहे. आमचे हे म्हणाले, मग काय शिव्या घालणारा हवा होता? यांच्याशी अबोला.

१० मार्च.
नाव लिहिलं. ही माघार नव्हे, डावपेच. अक्षर मुद्दाम बारीक काढलंय.

१३ मार्च. दुपारी १२.१०.
फॉर्म पुन्हा परत. शुद्धलेखन चुकलं म्हणे. माझं! कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांच्या हातून तीन बक्षिसं घेतलेली बाई मी. आपल्या पुस्तकात त्या नावाला पहिली वेलांटी आहे, हे लोक दुसरी देतात. पोरगी म्हणाली, आमच्या देशाचं नाव आम्हाला ठाऊक असेल ना? म्हटलं, मुळीच नाही.

१७ मार्च.
लेकीला इस्पितळात ठेवलंय. ब्लडप्रेशर. फॉर्म घेऊन बसले. हात दुसऱ्या वेलांटीकडे वळेना. तीन फॉर्म फाडले. चौथ्यावर आली.

१९ मार्च.
दोनदा परत आलेला अर्ज वरच्या साहेबांकडे जातो, हे आज कळलं. किती दिवस? सांगता येत नाही, आजी. पोरीने पाणी दिलं. प्यायले.

२० मार्च.
साहेबांना पत्र. पहिल्या दोन मसुद्यांत भांडण होतं. तिसऱ्यात ‘नाहीतर’ लिहिलं. पुढे काय लिहायचं ते सुचेना, म्हणून खोडलं. पाठवलं ते असं:
‘महोदय, आपल्या देशाच्या नावाला दुसरी वेलांटीच बरोबर आहे. मला मान्य आहे. मुलगी इस्पितळात आहे आणि आई कधी येणार म्हणून रोज विचारते. मला जाता येईल की नाही, याचं उत्तर २४ मार्च, सायंकाळी पाचच्या आत मिळालंच पाहिजे. लेखीच द्यावं. फोनवर मला हल्ली बोलवत नाही.’