साहेबांचा तिळगूळ

चंदीगड, संक्रांत १९७४

तीर्थरूप अण्णा,

इथे थंडी फार आहे, पण हे पत्र थंडीबद्दल नाही.

परवा पिंजौर रस्त्यावरच्या आमच्या कारखान्यात वर्षअखेरची मालमोजणी झाली. गोदामात पंपांची खोकी छतापर्यंत रचलेली. ऑडिटरनी पुढची रांग उघडून पाहिली आणि ते साहेबांबरोबर, म्हणजे आमच्या मॅनेजिंग डायरेक्टरांबरोबर, जेवायला गेले. मी मागच्या रांगेतलं एक खोकं सरकवायला गेलो, तर ते एका हाताने उचललं गेलं. शेजारचंही. कंपनीचा सगळा तोटा त्या रिकाम्या खोक्यांत लपवलाय, अण्णा, आणि माल पुरा आहे म्हणून उद्या सही माझी हवीय.

सांगू कुणाला? संचालक मंडळ साहेबांच्या तोंडाकडे बघून मान डोलावतं. माझ्या आधीच्या अकाउंटंटने तोंड उघडलं, तर चोरीचा आळ त्याच्यावरच आला.

आज साहेब अचानक क्वार्टरवर आले. माणूस पक्का पंजाबी, पण तिळगूळ घेऊन. हे पत्र टेबलावर अर्धं पडलं होतं. मी घाईने त्यावर ताटली ठेवली. त्यांनी आमच्या नयनाला मांडीवर घेतलं, एक वडी भरवली, एक माझ्या तोंडात घातली. "रघुनाथ जी, आपके यहाँ क्या कहते हैं? गोड बोला!"

नयना हसली. मीही हसलो.

निघताना म्हणाले, "घर की चिट्ठी हो तो दीजिए, मैं डाल दूँगा."

नाही म्हटलं, अण्णा. तिळगूळ अजून गालातच आहे. गिळवत नाही, थुंकवत नाही.

तुमचा,
रघू