गुडघ्याखालचा उजेड

सोमवार, ४
आज चित्रपटगृहात डोअरकीपर म्हणून रुजू झालो. दुपारचे खेळ माझ्याकडे. सगळे ज्यांना मामा म्हणतात त्या जुन्या डोअरकीपरने चहा पाजला आणि नियम सांगितला. उजेड पायांपाशी ठेवायचा, गुडघ्याच्या वर न्यायचा नाही. कोण कोणाबरोबर बसलंय, रडतंय की घोरतंय, ते आपलं काम नाही. नवीन म्हणून मला ते ‘नवरदेव’ म्हणतात. ही गेल्याचं मी सांगितलं नाही.
मुलीला फोन केला. घरी भिंतींशी बोलण्यापेक्षा हे बरं, म्हणाली. खरंच बरं वाटलं.

मंगळवार, ५
टॉर्च स्वतःची आणावी लागते. दुकानदाराने विचारलं, चोर पकडायचाय की खुर्ची दाखवायची? लांब झोताची त्याने परत ठेवून दिली. धातूची, मुठीत नीट बसणारी घेतली. टक्‌ आवाज करणारं बटण काढून सरकतं बसवलं. स्वच्छ काचेच्या जागी दुधी काच, म्हणजे उजेड मऊ पडतो. पुढे काळ्या पट्टीचं झापड. काढलेली काच त्याने कागदात गुंडाळून दिली.
घरी फ्यूज बदलताना टॉर्च ही धरायची, आणि उजेड कायम माझ्या तोंडावर. कामावर धर म्हटलं की म्हणायची, “काम तुम्ही बघा, मी तुम्हाला बघते.”

शुक्रवार, ८
पाय भरून आलेत. आज खेळ सुरू झाल्यावर एक बाई आल्या. शेवटची रांग, कोपऱ्यातली खुर्ची. डाव्या चपलेचा पट्टा निळ्या दोऱ्याने शिवलेला. हिच्या चपलेचा पट्टा मी तसाच शिवला होता, तपकिरी दोरा संपला म्हणून. “लोक हसतील,” म्हणायची आणि तीच घालायची. अपघातानंतर त्या चपला इस्पितळातून पिशवीत परत आल्या. हिचा चेहरा कापडाने झाकलेला होता. मुलगी म्हणाली, बाबा, नका बघू, होती तशीच लक्षात राहू दे. मी बघितला नाही.
दिवे लागले तेव्हा खुर्ची रिकामी. निळा दोरा काय एकाच घरात असतो?

सोमवार, ११
बाई पुन्हा आल्या. घोट्यावर भाजल्याचा डाग. हिच्याही घोट्यावर तिथेच होता. टॉर्च वर न्यावीशी वाटली. नेली नाही.
मामांना विचारलं. ती खुर्ची मोडकी आहे, तिचं तिकीट आपण विकतच नाही, म्हणाले. नेहमीसारखे हसले नाहीत. “नवरदेव, उजेड खाली ठेवा,” एवढंच.
घरी येऊन रॅकमधल्या हिच्या चपला पाहिल्या. तळाला पॉपकॉर्न चिकटलेलं.

बुधवार, १३
झोप नाही. जेवण जात नाही. एकदाच चेहरा बघायचाय. जसा असेल तसा.
दुधी काच काढली, स्वच्छ बसवली. झापड उपटून टाकलं.

गुरुवार, १४
आली. खुर्चीपर्यंत नेलं. उजेड वर नेला – गुडघे, मांडी, मग – दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं. घट्ट. बोटांच्या फटीतून जे दिसलं ते –
बंद केली.
लोक ओरडले, कोणाची रे बॅटरी? मामांनी घरी पाठवलं. रागावले नाहीत. रस्त्यात मागे चपलांची फटफट. मी थांबलो की थांबायची. वळलो नाही.

तोच दिवस, संध्याकाळ
रॅकमध्ये चपला नाहीत. टेबलापाशी, माझ्या शेजारच्या खुर्चीखाली आहेत. जोडीने.
दिवा लावला नाही. तिला नको असेल. लख्ख उजेड दाखवायला नको होता मी –
स्वच्छ काच काढली. दुधी लावतोय. आटे बसेनात. सवयीने तोंडातून निघून गेलं, जरा धर गं.
काच बसली एकदाची. टॉर्च वहीशेजारी आडवी ठेवून लिहितोय. फार थकलोय. शेजारी बघत नाही. आता उजेड मऊ आहे, तिला चालेल –
वहीवरून उजेड सरकतोय. मी हात लावलेला नाही.
कामावर धर, म्हटलं. ऐकत नाही. माझ्या तोंडाव –