कानात आलेली अर्धी बाजू

दि. ४ फेब्रुवारी

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

फोनवर तुझं मला कळत नाही आणि माझं तुला, म्हणून हे पत्र. शिवाय जे सांगायचंय ते ओरडून सांगण्यासारखं नाही.

आमची मुंगी आता बरी आहे. संसार मोडून घरी आल्यापासून दिवसभर दातांच्या कवळ्या घडवायच्या आणि घरी येऊन भिंतीकडे बघत बसायचं, एवढंच चाललं होतं. समुपदेशनाला जा म्हटलं, तर दवाखान्यातल्या बाकावर ओळखीचं कुणी भेटेल म्हणून पाऊल उचलेना. आता तिथल्याच समुपदेशक बाई दर गुरुवारी टॅबवर भेटतात. दार लावून पलंगावर मांडी ठोकून बसते आणि तासभर बोलते. तू नाक मुरडशील, पण लेक हल्ली जेवताना माझ्या भाजीला नावं ठेवते. मला तेवढंही पुष्कळ आहे.

आता माझं पाप ऐक. रविवारी आम्ही दोघी टॅबवर सिनेमा बघतो. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून तिनेच आवाज तिच्या हेडफोनला आणि माझ्या कानातल्या यंत्राला, असा दोन्हीकडे जोडून दिलाय. ती जोडणी तशीच राहिली. मागच्या महिन्यात मी स्वयंपाकघरात मटार सोलत होते, तर एका बाईंनी माझ्या कानात अगदी हळुवारपणे विचारलं, की या आठवड्यात झोप कशी लागली. दचकून परातच उलटी केली मी.

मुंगीची उत्तरं मला ऐकू येत नाहीत, प्रश्न तेवढे येतात. तेव्हाच यंत्र काढून ठेवायला हवं होतं. नाही काढलं. पुढच्या गुरुवारीही नाही. बाहेर येऊन ती चहा मागते, तेव्हा तिच्याकडे बघवत नाही गं.

लोभ आहेच, तो हे वाचल्यावरही टिकावा.

तुझी धाकटी

---

दि. ११ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

मला वाटलं होतं, कान गेले तर तुझा चोंबडेपणा तरी जाईल. कसलं काय!

माझ्या चष्म्याच्या दुकानात माणसं आरशासमोर उभी राहिली की मी मुद्दाम पाठ करते. परक्यांसाठी मी एवढं करते, तू पोटच्या पोरीसाठी यंत्र काढू शकत नाहीस? तरी मी म्हणत होते, समोरासमोर गेलेलं बरं. तिथे तू बाहेर बसली असतीस आणि मध्ये चांगलं जाड दार असतं. घरात कुठली आलीय आडोशाची सोय!

सांगून टाक तिला. चिडेल, अबोला धरेल, धरू दे. पण तिचं तिला कळलं, तर पुन्हा त्या टॅबसमोर बसायची नाही आणि सगळं मुसळ केरात जाईल. त्याची भीती वाटते मला.

रागावले आहे, तरी माया कमी झालेली नाही, हे तुला सांगायला नकोच.

अक्का

---

दि. २६ फेब्रुवारी

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊनही मधला एक गुरुवार मी तोंड उघडलं नाही. आज सांगू, उद्या सांगू. काल मात्र एका पडद्याला दुमड घालत मशीनवर बसले होते, तेव्हा बाईंनी विचारलं, की मोठ्या शहरातल्या त्या नोकरीला नकार कळवायचं नक्की ठरलंय का. कसली नोकरी, मला पत्ताच नाही! मग विचारलं, की आईला एकटं टाकून जायची टोचणी आहे, की आई नाही म्हणेल ही भीती. आत माझी पोर काय बोलत होती देव जाणे.

आणखी एक आहे, ते फक्त तुला सांगते. लेकीच्या काळजीने ऐकत होते हे निम्मं खोटं. बाई विचारायच्या, आणि हातातलं काम थांबवून मीही मनातल्या मनात उत्तरं द्यायचे. मला असं कधी कुणी विचारलंच नव्हतं गं. लाज वाटते सांगताना, पण गुरुवारची वाट बघायला लागले होते मी.

ती बाहेर आली तशी सगळं भडाभडा बोलून टाकलं. नोकरी घे, जा, असंही म्हटलं. ती आत गेली. कानात बारीकसं टुक् वाजलं आणि मला कळलं की जोडणी तुटली. आज सकाळी डबा न घेताच गेली.

तुझा आधार असू दे. सध्या तोच आहे.

तुझी धाकटी

---

दि. २० एप्रिल

ती. आईस,
सा. न. वि. वि.

खोली मिळाली. खिडकी मागच्या गल्लीत उघडते आणि नळाला पाणी बरं येतं. इथे मला दातांच्या रंगाचं काम दिलंय. दुसऱ्याच्या शेजारच्या दातांशी नवा दात जुळवत बसते.

गुरुवार सुटला नाही. घरी असतानाचे शेवटचे काही आठवडे कामावरच्या सामानाच्या खोलीत बसून बोलत होते, हे तुला कळलं असेलच. गाव बदललं तरी बाई त्याच राहिल्या, पहिल्यापासून सगळं उगाळावं लागलं नाही. पण मी रडले तर त्यांना नुसतं बघत बसावं लागतं, आणि मध्येच नेट अडकून त्यांचा चेहरा वाकडातिकडा थांबला की रडता रडता हसू फुटतं.

माझा राग गेलेला नाही. तू दार ढकलून आत आली असतीस, तरी इतकं लागलं नसतं. तुला एकटं टाकून आले म्हणून मन खातं, आणि एकट्या आईवर चिडलेय म्हणूनही खातं.

एकच विचारायचंय. तू जा म्हणालीस ते मनापासून, की मला काय हवंय ते आधीच ऐकलं होतंस म्हणून? फोनवर तू नुसतं बरं आहे, बरं आहे करशील. लिहून कळव.

लोभाचं तूर्त काही लिहीत नाही.

मुंगी

---

दि. २७ एप्रिल

चि. मुंगीस,
अनेक आशीर्वाद.

मनापासून नव्हतं.

तू जाऊ नयेस असंच वाटत होतं आणि अजून वाटतं. ऐकलं नसतं, तर मी जा म्हटलंही नसतं. तू रोज समोर बसून जेवत होतीस, आणि तुला काय हवंय ते विचारायचं मला सुचलं नाही. चोरून ऐकल्याची लाज वाटतेच, पण याची जास्त वाटते.

तुला बरं वाटावं म्हणून मनापासून होतं असं लिहिणार होते. तसा एक कागद लिहून फाडलाही. आता तुझ्याशी गोड खोटं बोलायचा हक्क मला राहिलेला नाही.

परत येऊ नकोस. माझ्यावर चिडलेली राहिलीस तरी चालेल, पण तिथेच राहा.

तुझी आई