दोन बोटांवरचा श्वास

४ नोव्हेंबर
आज रुजू झाले. वरूडच्या अलीकडचं गाव, छोटंसं सरकारी रुग्णालय, खिडकीतून संत्र्यांच्या बागा. दारावर 'डॉ. रागिणी' अशी पाटीसुद्धा लागली! अकोल्याहून निघताना आई रडली होती. तिला फोन करून सांगितलं, मजेत आहे. सिस्टर मैनाबाईंनी आल्या आल्या संत्रं सोलून हातावर ठेवलं. इथं ताप, खोकला, फार तर विंचू, असं म्हणाल्या.

९ नोव्हेंबर
संत्र्यांची ट्रॉली उलटली. तोडणीला गेलेली भावना खाली सापडली. विशीतली पोर. जबडा मोडलेला, तोंड रक्तानं भरलेलं. कितीही ओढून काढलं तरी पुन्हा भरायचं. घशात बघायचा लॅरिंगोस्कोप घातला तर नुसतं लाल. श्वास तुटत चालला होता. शेवटी डाव्या हाताची दोन बोटं तिच्या जिभेवरून आत सरकवली. श्वासनळीवरची झडप लागली, कानाच्या पाळीसारखी मऊ. ती उचलून धरली, तेव्हा एक ऊन श्वास माझ्या बोटांवर आला. बोटांच्या आधारानं श्वासाची नळी आत सोडली. छाती फुगली. मैनाबाई रडायलाच लागल्या. अँब्युलन्स अमरावतीला गेली; तिची आई, सुंदराबाई, मागं वळून मला हात जोडत राहिली.

१० नोव्हेंबर
भावना गेली. डोक्याचा मार. नळी शेवटपर्यंत जागेवर होती, असं अमरावतीच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं. तुमचं काम चांगलं झालं म्हणे.

१३ नोव्हेंबर
कणीक मळताना त्याच दोन बोटांवर ऊन हवा लागली. येते, थांबते, येते. हातमोजा घालून पाहिला. तो आतून दमट झाला.

१६ नोव्हेंबर
दुपारी सुंदराबाई आली. याच हातानं तिले धरलं होतं ना, असं विचारून तिनं माझी बोटं गालाला लावली. आणि ओरडली, "श्वास घेऊन राहिली माही पोरगी!"
म्हणजे मला एकटीला भास होत नव्हता. हात ओढून औषधांच्या खोलीत पळाले. बाहेर ती रडत होती, आत मी.

२० नोव्हेंबर
रोज येते. बोटं गालाशी धरून लेकीशी बोलते: शेळी व्याली, तुझी ओढणी धुतली. भीती वाटते, तरी हात देते. आज बदलीचा अर्ज लिहिला, तिला सांगितलं. तिनं बोटं घट्ट धरली. "तिले घेऊन जासान का, बाई?"
अर्ज फाडला.

२३ नोव्हेंबर
श्वास तुटक झालाय. मध्ये लांब थांबतो. ट्रॉलीखालून आणली तेव्हा असाच— सुंदराबाईला सांगितलं नाही. तिला गालावर कळलंच.

२४ नोव्हेंबर
सुंदराबाई नळी घाला म्हणते. तवा घातली, आता काहून नाई. कुठं घालू? घसा कुठाय? तोंड कुठाय? तर स्वतःच टेबलावर आडवी झाली. "माह्या घशातून घेऊ द्या तिले."
नाही म्हणता आलं नाही. मैनाबाईंना हाका मारतेय— बोटं तिच्या तोंडात— उजव्या हातानं लिहितेय, म्हणजे उद्या मला खरं वाटेल—
झडप लागली. ऊन. दोन श्वास आहेत. एक आईचा, एक—
हात निघत नाही.
आता एकच लागतो. थंड. कुणाचा—